उतार आला की पायी

माणसं मुलगी बघायला जीपनं जातात, एसटीनं जातात, ऐपत असली तर पाहुण्याची अॅम्बॅसिडर मागून जातात. मी पन्नाशी उलटलेल्या एका माणसाच्या सायकलच्या कॅरेजवर बसून गेलो. एक पाय सुजलेला, त्या पायातला बूट हातात आणि डोक्याला त्याच माणसाचा टॉवेल. त्या माणसाला, म्हणजे आमच्या सरांना, मी तोवर वेडा समजत होतो. रस्त्यानं बघणाऱ्या लोकांना मात्र दोघांतला वेडा कोण याबद्दल शंका नव्हती, आणि त्यांची बोटं सरांकडं नव्हती.

सर लातूरच्या एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे आणि मी गणित. भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. एकीकडं भिंतींच्या भेगा सिमेंटनं बुजवणं चालू होतं आणि दुसरीकडं त्याच भिंतींवर मेरिटात आलेल्या पोरांचे फोटो लागत होते. गावोगावची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन खोल्या शोधत फिरायची. ज्याच्याकडं रिकामी खोली त्यानं होस्टेल काढलं, ज्याच्याकडं डिग्री त्यानं क्लास काढला. मी देवणीकडच्या एका खेड्यातून आलेला, घरातला पहिला एम.एस्सी. काळ्या फळ्यासमोर उभं राहून पन्नास पोरांना मान खाली घालून लिहायला लावलं की मला आपण फार मोठे झालो असं वाटायचं. माझ्या पोटाचा घेरही त्याच वेगानं मोठा होत होता.

सरांना कुणाचं नाव घ्यायची सवयच नव्हती. माणूस जो विषय शिकवतो त्याच नावानं हाक. "ओ गणित, चहा घेता का?" "केमिस्ट्री अजून आली न्हाई का?" बायॉलॉजीच्या बाईंचं लग्न ठरलं तेव्हा पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "बायॉलॉजी, नवरा कोणत्या विषयाचा?" तो बँकेत आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्याला हाक काय मारायची, हा प्रश्न त्यांना खरोखर पडला असावा.

अंगानं वाळलेल्या शेंगेसारखे. पांढरा फुल शर्ट, गळ्यात टॉवेल, उजव्या पँटला सायकलची क्लिप, आणि ती क्लिप वर्गातही तशीच. खिशात कांदा. उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवणारे आमच्याकडं पुष्कळ, सर हिवाळ्यातही ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "राहू द्या की. तो कुठं काय मागून राहिला?"

भूकंपानंतर लातुरात घरोघरी माणसं तांब्यावर पेला आणि पेल्यावर वाटी मांडून झोपायची. जमीन हलली की भांडी पडतील, जाग येईल. वर्षभरात बाकीच्यांनी ती उचलून पुन्हा मांडणीवर ठेवली. सरांनी ती वर्गात आणली. टेबलाच्या कोपऱ्यावर तांब्या, पेला, वाटी अशी उतरंड आणि शेजारी डस्टर. भांडं वाजलं की सर "पळा" वगैरे ओरडत नसत. खडू खाली ठेवायचे, "राहिलेलं बाहेर" एवढंच म्हणायचे आणि दारातून निघून जायचे. पोरं त्यांच्या मागं. अंगणात काडीनं मातीवर पुढचं समीकरण चालू. एकदा जडत्वाचा नियम शिकवत असताना शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं भिंतीला अंग घासलं, आणि अख्खा वर्ग सराव परीक्षेच्या तोंडावर अंगणात जाऊन बसला. क्लासचे मालक धावत आले.

"सर, पालक विचारून राहिलेत, फी वर्गाची भरली का अंगणाची?"

"विद्या अंगणातबी तेवढीच येते," सर मातीतून मान वर न काढता म्हणाले.

वरच्या मजल्यावर ते कधी शिकवायला गेले नाहीत. पुढं क्लासनं चार मजली इमारत बांधली आणि तळमजला गाड्या लावायला ठेवला, तेव्हा सरांनी गाड्यांमध्ये उभं राहून शिकवायची तयारी दाखवली. मालकांची तयारी नव्हती. मग सरांनी घरामागं पत्र्याची शेड टाकली, आणि काही पोरं चार मजल्यांची इमारत सोडून तिथं जाऊन बसायला लागली. पण ते बरंच नंतरचं.

सगळ्यात मोठं नवल त्यांच्या सायकलचं. काळी, जड, जुनी सायकल. त्या सायकलवर ते कुठंही जायचे. औशाला, उदगीरला, एकदा तर म्हणे पार किनवटकडं इस्लापूरपर्यंत, धबधबा बघायला. चढ कितीही असो, सीटवरून उठायचे नाहीत, उतरायचे तर नाहीतच. आणि उतार आला की खाली उतरून सायकल हातात धरून चालायला लागायचे. लोक चढाला उतरतात आणि उतारावर पाय सोडून बसतात. सरांचं सगळं उलटं. यावर आमच्या स्टाफरूममध्ये फार चर्चा व्हायची आणि तीत माझा आवाज सगळ्यात मोठा असायचा. केमिस्ट्रीनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "ब्रेक झिजतात." मालकांना सांगितलं, "उतार फुकटचा असतो, अन् मी फुकटचं घेत न्हाई." मी विचारलं तेव्हा मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "गणित, तुमच्या वजनाचा माणूस उतारावर सुटला तर काय होईल, तुम्हीच मांडून बघा की."

मी मांडून बघितलं नाही. बघायला हवं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर उदगीरच्या एका पाहुण्यांनी मला नांदेडचं स्थळ सुचवलं. मुलगी तिथं शाळेत शिकवत होती, वडील पाटबंधारे खात्यात. रविवारी बघायला या असं ठरलं आणि नेमका एसटीचा संप झाला. काळ्या-पिवळ्या जीपांना माणसं टपापासून मागच्या पायरीपर्यंत लटकलेली. गावाकडून वडिलांचा निरोप आला, आम्ही काही येऊ शकत नाही, तिथलं कुणी वडीलधारं सोबत घेऊन जा. मी नांदेडला फोन करून दिवस पुढं ढकलता येतो का विचारलं. पलीकडून मुलीचे वडील अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या सोयीनं या की. सोमवारी एक पुण्याचे इंजिनियर येऊन राहिलेत, त्यांच्यानंतर बघू."

इंजिनियर म्हटल्यावर मी रविवारीच येतो असं सांगून फोन ठेवला. त्या काळात इंजिनियरानंतर गणिताच्या मास्तराला कुणी बघत नसे.

शनिवारी स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना विचारून बघितलं. केमिस्ट्रीची कंबर धरली होती, इंग्रजीची सासू आली होती. कोपऱ्यात कांदा या हातातून त्या हातात घेत बसलेले सर म्हणाले, "मी येतो. पहाटे निघू. सायकल हाय ना तुमच्याकडं?"

सायकल होती. पुण्याच्या एका मित्राकडून जुनी घेतलेली, लाल, वाकड्या दांड्याची, गियरची. खोलीपासून क्लासपर्यंत दोन वळणांचा रस्ता मी तिच्यावरून वाऱ्यासारखा जायचो, आणि वाटेतल्या मुलींच्या होस्टेलसमोर आणखी थोडा वाऱ्यासारखा. त्यामुळं आपण सायकलपटू आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. इंजिनियराच्या आदल्या दिवशी सायकलवरून नांदेड गाठणारा मुलगा, हे चित्र मला आवडलंही. ते बघून मुलीचे वडील बाकीची स्थळं रद्द करतील असं मी रात्री अंथरुणात ठरवून टाकलं.

पहाटे निघालो. मागं पिशवीत इस्त्रीचा सफारी, पायात नवे बूट. सरांच्या कॅरेजला फडक्यात बांधलेली भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दारात उभं राहून मला एकच सूचना दिली. "यांच्या नादानं चालू नका. तुमचं तुम्ही वेळेत पोचा."

चाकूरपर्यंत मी सरांच्या पुढं होतो. दोन्ही अंगांना ज्वारी पोटरीत आलेली, थंडीनं नाकाचा शेंडा गार, आणि मी मधूनमधून मागं वळून "या सर, या" असं म्हणत होतो. चाकूरच्या पुढं चढ लागले. मी गियर बदलला. गियरनं एक कुरकुर केली आणि चेन उतरली. सर शेजारून संथपणे निघून गेले. त्यांचा एक नियम होता, चढावर बोलायचं नाही, म्हणून नुसती मान हलवली. त्यानंतर प्रत्येक चढ मी सायकल ढकलत चढलो. सर वर बाभळीखाली बसलेले असायचे. मी पोचलो की गुळाचा तुकडा पुढं करायचे.

"खा."

"सर, पाणी..."

"आधी गूळ. मग पाणी. मग बोला."

मग उतार यायचा. सर खाली उतरून चालायला लागायचे आणि मी सुसाट. चढावर ते पुढं, उतारावर मी पुढं, सपाटीवर तेवढी आमची गाठ पडायची. अहमदपूरला पोचेपर्यंत माझ्या मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि इंजिनियराला मुलगी देऊन टाकावी असं मन होत चाललं होतं. एका विहिरीवर बसून भाकरी खाल्ली. सरांनी खिशातला कांदा काढला. मला वाटलं, चला, अखेर याचा उपयोग झाला. तर त्यांनी पिशवीतून दुसरा कांदा काढून फोडला आणि खिशातला परत खिशात ठेवला.

अहमदपूरच्या पुढं बालाघाटाचे डोंगर अंगावर येतात. फार उंच नाहीत, पण संपतही नाहीत. पिवळं पडलेलं गवत, सीताफळाची झुडपं, उघडे काळे दगड. त्यातल्या एका लांब चढाच्या माथ्यावर मी पोचलो तेव्हा खाली सरळ, गुळगुळीत, वाऱ्यासारखा उतार दिसला. सर उतरले. "जपून," म्हणाले. मी हसलो. मी पायडलवरून पाय काढले, दांड्यावर वाकलो आणि सुटलो. कानात वारा, डोळ्यांत पाणी. मी गाणं म्हणत होतो. खरं सांगायचं तर मोठ्यानं म्हणत होतो, आणि त्यात मुलीचं नाव घालून म्हणत होतो. नाव मला अजून नीट माहीत नव्हतं म्हणून वाटेल ते घातलं होतं.

उताराच्या शेवटी वळण होतं आणि वळणावर जनावरं. पांढऱ्या अंगावर काळे डाग, लोंबते कान, भरदार वशिंड. देवणी. आमच्या भागाचं नाव सांगणारी जात. लहानपणापासून ज्यांच्या नावावर आम्ही बाहेर गेलो की मिरवतो, त्यांतलाच एक बैल रस्त्यात आडवा उभा होता आणि शांतपणे रवंथ करत होता. मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचा लागला नाही. पुढचा लागला.

सायकल थांबली, मी थांबलो नाही. मी दांड्यावरून, बैलाच्या शेपटाच्या बाजूनं, थेट तुरीत गेलो.

डोळे उघडले तेव्हा एक म्हातारा गुराखी बैलाच्या पोटावरून, पायांवरून हात फिरवत होता. सगळं तपासून झाल्यावर माझ्याकडं वळला. "भिववलं की हो तुम्ही त्याला."

"मला लागलंय," मी म्हणालो.

"दिसून राहिलं," तो म्हणाला. "कुठलं गाव?"

"देवणी."

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडं आणि एकदा बैलाकडं बघितलं. मग बैलाचाच कान कुरवाळला. काही बोलला असता तर बरं झालं असतं.

सर आले ते बऱ्याच वेळानं, चालत, आपल्या चालीनं. घोटा दाबून बघितला, कोपर धुतला, डोक्याला टॉवेल बांधला. सायकलच्या पुढच्या चाकाचा पार आठ झाला होता. ती म्हाताऱ्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या झोपडीत, ठेवली. मी तुरीच्या बांधावर बसून म्हणालो, "सर, मी इथंच थांबतो. येईल एखादा ट्रक. परत जाऊ. इंजिनियर मिळू दे तिला."

"कॅरेजवर बसा," सर म्हणाले.

"सर, माझं वजन..."

"ते मला माहीत हाय. बसा."

तेव्हा मी बसलो. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, आणि वजनानं निम्म्या माणसाच्या मागं. चढ लागला तेव्हा मी उतरतो म्हणालो. सर चढावर बोलत नसत, म्हणून मागं हात करून माझा गुडघा दाबला, बसा असा. त्यांच्या पाठीवरचा शर्ट घामानं काळा झाला होता आणि मी मागं हातात बूट घेऊन बसलो होतो, लग्नाच्या घोड्यावर बसल्यासारखा ताठ. समोरून उसाची गाडी आली. गाडीवरची बाई ओरडली, "म्हाताऱ्याच्या जिवावर काय बसलाय रं? लाज न्हाई वाटत?" वाटत होती. पण उतरलो असतो तर घोटा नव्हता, आणि बसलो होतो तर लोकांच्या लेखी लाज नव्हती, असा हिशेब झाला होता.

आणि मग उतार आला. सर थांबले.

"उतरा."

मला वाटलं, थट्टा करतायत. एका पायावर लंगडत मी उतरलो. खाली लांबच लांब उतार, पार माळाकोळीच्या दिशेनं. सूर्य कललेला. मला एकदम सगळ्याचाच राग आला. "सर," मी म्हणालो, "माझा पाय सुजलाय. तिकडं लोक वाट बघतायत. चढावर तुम्ही मला वाहून आणलं, आणि आता आयता उतार आलाय तर चालायचं? हा काय वेडेपणा आहे? ब्रेक झिजतात म्हणून?"

सर सायकल धरून उभे राहिले. 

"भूकंप झाला तेव्हा आमची ही माहेरी होती," ते म्हणाले. "औशाच्या पलीकडं, तेरणा नदीच्या बाजूला. भावाच्या पोराचं बारसं होतं. सकाळी कळलं तसा सायकलवर निघालो. काय चालवली असंल ती. गावाच्या अलीकडं असाच एक उतार हाय. वरून सगळं गाव दिसतं. देवळाचं शिखर, शाळा, पाण्याची टाकी. त्या दिवशी वर आलो तर काहीच न्हाई. नुसती धूळ. अन् रडण्याचा आवाज, पण तो एकाचा न्हाई, सगळा मिळून एकच."

मी आधाराला सायकलची सीट धरली.

"मी खाली उतरलो सायकलवरून. हे असं. अन् चालायला लागलो. लोकं पळत होते माझ्या बाजूनं. मी चालतच होतो. सायकलवर बसलो असतो तर आत्ता खाली. पण खाली गेलो की कळणार. तोवर, मी वर हाय तोवर, ती हाय. असं डोक्यात. काय सांगू तुम्हाला."

"आणि?"

"लिंबाखाली बसली होती. हात मोडलेला. सासरा गेला, मेव्हण्याची बायको गेली, ते बारशाचं लेकरू गेलं. ही बसली होती. मला म्हणाली, किती हळू आलात."

वाऱ्यावर गवत हललं. सरांनी चाल सुरू केली आणि मी सायकलच्या सीटला धरून लंगडत शेजारी.

"मी फिजिक्स शिकवतो," सर म्हणाले. "मी चालत गेलो म्हणून ती वाचली, असं काही नसतं. ते कळतं मला. तिचं जे व्हायचं ते पहाटेच झालं होतं. पण तवापासून उतार आला की पाय खाली येतात. खाली काय असंल, कुणाला माहीत. बरं असावं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्हाला घाई हाय. तुम्ही सायकल घ्या, जा खाली. मी येतो मागून."

मी सायकल घेतली नाही. मोठ्या मनानं वगैरे नाही. त्या बैलानंतर मला उताराची धास्ती बसली होती, हे एक. आणि मी स्टाफरूममध्ये या चालण्याच्या केलेल्या नकला एकेक करून आठवत होत्या, हे दुसरं.

काकूंनी मला पुढं कधीतरी त्यांची बाजू सांगितली. लिंबाखाली बसून त्यांनी सरांना उताराच्या माथ्यावरच ओळखलं होतं. बाकी सगळे धावत येत होते आणि हा एक माणूस सायकल धरून, खाली मान घालून, बाजारातून आल्यासारखा चालत येत होता. "मला आधी राग आला," काकू म्हणाल्या. "मग कळलं, भ्याले आहेत. मला मेलेली बघायला भ्याले आहेत. त्या सकाळी माझं सगळं गेलं होतं हो. पण तेवढं बघून वाटलं, आपण मेल्यावर कुणाचं काय होईल ते कुणालाच बघायला मिळत नाही. मला जित्तेपणी मिळालं." हे त्यांनी सरांना कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर सर लाजून उताराला सायकलवरच बसायला लागतील, आणि या वयात पडतील, अशी त्यांना भीती होती.

लोह्यात चहा घेतला तेव्हा सूर्य बुडत आला होता. नांदेडात शिरलो तेव्हा दुकानांचे दिवे लागले होते. मुलीच्या घरी कुणी आमची वाट बघत नव्हतं. संप असताना कोण येणार म्हणून त्यांनी पोहे दुपारीच खाऊन टाकले होते. दार मुलीच्या वडिलांनी उघडलं. समोर घामानं भिजलेला, टॉवेल नसलेला एक म्हातारा आणि टॉवेल डोक्याला गुंडाळलेला, हातात बूट घेतलेला एक जाडा तरुण.

"कोण पाहिजे?"

"हे गणित," सर म्हणाले. "बघायला आलेत."

मुलीच्या वडिलांना ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा घरात एकच पळापळ झाली. माझी सफारीची पिशवी मी तुरीत विसरून आलो होतो हे मला तेव्हा कळलं. मुलगी साडी नेसायच्या भानगडीत न पडता आहे त्या कपड्यांत बाहेर आली, हातात गरम पाण्याचं पातेलं आणि कापूस. माझ्या पहिल्या भेटीचं पहिलं वाक्य मी रात्रभर घोकलं होतं. ती कोपराला कापूस लावायला वाकली आणि मी म्हणालो, "आई गं!"

तिनं माझं नाव, शिक्षण, छंद काही विचारलं नाही. "धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का?" एवढंच विचारलं.

तेवढ्यात पडवीतून आवाज येऊ लागला. मुलीचे वडील सरांना बाजूला घेऊन विचारत होते. त्यांना वाटलं असावं, आम्हाला ऐकू येत नाही. "तुम्ही रोज बघता. मोकळेपणानं सांगा. मुलगा कसा आहे?"

अशा वेळी लोक काय सांगतात हे सगळ्यांना माहीत आहे. निर्व्यसनी, हुशार, सोन्यासारखा. मी कान टवकारले. सरांनी बराच विचार केला.

"पंचावन्न," ते म्हणाले.

"काय पंचावन्न?"

"मार्क. शंभरपैकी."

पातेल्यातलं पाणी हललं. मुलगी हसू दाबत कापूस पिळत होती.

"लातूरहून आलात ना तुम्ही?" तिचे वडील चाचरत म्हणाले. "तिकडं तर नव्वदच्या खाली..."

"हाव, ते खरं. पण हे कॉपी न करता पडलेले हायेत," सर म्हणाले. "स्वतःबद्दल फार समज हाय त्याला, तिथं कापले. वजनाचे कापले. पण दिवसभर माझ्यासोबत होता अन् चढावर दर वेळेस उतरतो म्हणाला. उतरू दिलं न्हाई मी, पण म्हणाला. वाढेल मुलगा. पहिला प्रयत्न हाय."

मी तिच्याकडं बघायचं धाडस केलं नाही. ती म्हणाली, "हात सरळ करा," आणि पट्टी बांधली.

आम्हाला त्या रात्री त्यांनी जाऊ दिलं नाही. पिठलं-भाकरी झाली. मी पडवीत पडलो तो सरळ सकाळी उठलो. म्हणजे जागा झालो. उठता येत नव्हतं. दोन्ही गुडघे लाकडासारखे, घोटा वांग्याएवढा. फाटकाशी सायकलची घंटी वाजली म्हणून कसाबसा खुर्चीपर्यंत सरकलो. उजाडत होतं. सर निघाले होते. पँटला क्लिप, टॉवेल परत गळ्यात. मुलगी फाटकाशी उभी राहून फडक्यात बांधलेली भाकरी त्यांच्या कॅरेजला लावत होती.

"सर, एवढ्या लांब पुन्हा सायकलवर? संप मिटेल दोन दिवसांत. राहा की."

"न्हाई," सर म्हणाले. "घरी वाट बघून राहिली असंल."

"एक दिवस बघतील की वाट."

"बघंल. तिला सवय हाय," सर म्हणाले आणि सायकलवर चढले. "मलाच न्हाई."

ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती बघत राहिली. मग वळली आणि मला बघितलं. मी खुर्चीत, दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर ठेवून, आजारी जहागीरदारासारखा बसलो होतो. तिचं लक्ष अजून रस्त्यावरच होतं. माझ्यापेक्षा स्वतःलाच विचारल्यासारखं ती म्हणाली, "तुम्ही निघाल का असे? कुणासाठी?"

आदल्या दिवशीचा मी असतो तर छातीवर हात ठेवून हो म्हणालो असतो. त्या सकाळी माझ्याकडं पंचावन्न मार्क, एकाच पायात मावणारे बूट आणि न वाकणारे गुडघे होते.

"निघेन," मी म्हणालो. "पण आत्ता मला कुणीतरी आधी खुर्चीतून उठवावं लागेल."

ती जवळ आली आणि तिनं हात पुढं केला.